मराठीतून सांगितलेलं खोटं

आई,

दिल्लीहून तुझ्या वैजूचा नमस्कार. मी खुशाल आहे, वेळेवर जेवते.

परवा आपल्या चिकलठाणा विमानतळावरून निघालेल्या माझ्या ड्यूटीच्या विमानात बिडकीनचे एक आजोबा मागे शौचालयापाशी कोसळले. आम्ही खूप वेळ त्यांची छाती दाबली, पण ते गेले. तरी डॉक्टरांनी तपासल्याशिवाय आम्ही तसं सांगायचं नसतं. त्यांना परत त्यांच्या सीटवर बसवून पांघरूण घातलं.

शेजारी त्यांची बायको, साळूबाई. "पोरी, झोपले का गं हे?"

"व्हय, आजी. तुम्ही पट्टा बांधा."

दिल्ली येईपर्यंत त्या त्यांचे गार हात चोळत राहिल्या.

खाली उतरल्यावर डॉक्टरांनी ते गेल्याचं सांगितलं तेव्हा त्या माझ्याकडे वळल्या. "तू आपल्या बोलीत बोललीस, म्हणून मानलं. नायतर तिथंच त्यांना जवळ घेऊन रडले असते."

बाबांच्या छातीत अजून दुखतं का? मला खरं लिही.

तुझी,
वैजू