आंघोळीचं पाणी

६ नोव्हेंबर
बुलडाण्याहून घरी यायला साडेपाच झाले. सुमनला छातीच्या डॉक्टरला दाखवलं. नळीत फुंकायला लावलं, तीनदा. तिसऱ्यांदा तिला फुंकताच आलं नाही.
डॉ. नं मला विचारलं, घरात विडी-सिगारेट कोण ओढतं? कोणीच नाही. मग चुलीवर स्वयंपाक? मी जरा तोऱ्यातच सांगितलं, गॅस आहे, कितीतरी वर्षं झाली. तर सु. मधेच म्हणाली, "आंघोळीचं पाणी तापवतो ना आंगणात. रोज सकाळी."
पेटवायला काय घेता?
"पन्नी, प्लॅस्टिकची. सकाळी कपाशीची पऱ्हाटी ओलसर राह्यते, पन्नीबिगर पेटत नाही."
डॉ. लिहायचा थांबला. फुप्फुसं बरीच गेली, गेलेली परत येत नाहीत, आता उरलेली जपा म्हणाला.
एस.टी.त ती खिडकीला डोकं टेकून झोपली. लग्नाला एकतीस वर्षं झाली. मला कडक पाणी लागतं, हे आईनं तिला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं.

७ नोव्हेंबर
उठलो तर ही चुलीपाशी बसलेली, हातात पन्नी. काढून घेतली. "मंग तुमचं पाणी?" म्हटलं, मले नाही लागत. ती हसायला लागली अन् हसता हसता ढास लागली.
थंड पाण्यानं आंघोळ. दात वाजले. बरंच झालं.

११ नोव्हेंबर
भंगारातून पत्र्याचा जुना ड्रम आणला. घासून बाहेरून काळा रंग दिला, स्लॅबवर उन्हात ठेवला. दुपारी दोनला पाणी चांगलं ऊन. आता आंघोळ दुपारी. शाळेच्या ऑफिसात जन्म गेला, सातच्या आत न्हाऊन तयार असणारा माणूस मी. शेजारचे हसतात, हसू दे.
सु. जिना चढू शकत नाही, म्हणून बादली खाली आणली. तिनं पाण्यात हात घातला, बराच वेळ तसाच ठेवला. मग म्हणाली, "इतकं सोपं होतं का हो?"
मी टॉवेल शोधायला आत गेलो.

१९ नोव्हेंबर
माळ्यावर एक पोतं सापडलं. पन्न्यांचं. दुधाच्या, किराण्याच्या, साऱ्या धुतलेल्या, वाळवलेल्या, चौकोनी घड्या घातलेल्या. पेटवायला लागतात म्हणून तिनं साठवल्या. एक वस्तू वाया घालवली नाही बाईनं आयुष्यात.
भंगारवाला म्हणाला, पातळ पन्नी आपण घेत नाही. म्हणजे जाळायची नाही, विकली जात नाही, पुरली तर सडत नाही. आणायचीच नाही, एवढंच उरतं.
उद्यापासून दुधाला बरणी.

२५ नोव्हेंबर
सु. उन्हात बाज टाकून जुन्या लुगड्यांच्या पिशव्या शिवते. हातानंच. मशीनचं पायडल आता मारवत नाही. दिवसाला दोन होतात. कधी एक. किराण्याच्या दुकानात पाच नेऊन दिल्या. जो पन्नी मागेल त्याला ही दे, परत आणायला सांग. दुकानदार हो म्हणाला. परत येतील असं मला वाटत नाही. तिला वाटतं.
परसात खड्डा खणला. भाजीची देठं, सालं, चहाचा चोथा त्यात. भांड्यांचं पाणी पपईला. ती बाजेवरून सांगते, मी करतो. घर चालवायला किती वाकावं लागतं, हे रिटायर झाल्यावर कळलं.

२ डिसेंबर
आमचं सारं बंद. पण धूर येतोच. भिंतीपलीकडून.
पलीकडं गजानन, माझा लहान भाऊ. एकाच घराचे दोन हिस्से, आंगणात छातीएवढी भिंत. सकाळी त्याची बायको वंदना चूल पेटवते अन् काळा वास थेट आमच्या पडवीत. सु. तोंडाला पदर लावून आत जाते.
आज त्याच्याशी बोललो. म्हणाला, "दादा, साऱ्या गावात धूर आहे. कोणाकोणाच्या चुली विझवशीन?"
म्हटलं, तुझी एक विझव. वहिनीसाठी.
बरं म्हणाला. चूल गोठ्याकडं नेली.

६ डिसेंबर
चूल परत भिंतीशी. गोठ्याकडं वारा लागतो म्हणे, पेटत नाही.

१५ डिसेंबर
दोन दिवस बरी आहे. फाटकापर्यंत चालत गेली, हरभरेवालीच्या गाठोड्यातला हिरवा हरभरा स्वतः निवडून घेतला, पदरात.
सोलता सोलता म्हणाली, "माह्या तेरवीले ते थर्माकोलचे ताटं नका आणू. पळसाच्या पत्रावळी आणा. नाही भेटल्या तं बचत गटाचे स्टीलचे ताटं आहेत." मीठ संपलं सांगावं तशा आवाजात.
मी रागावलो. म्हटलं, हा काय विषय झाला?
"जेवण झालं का लोक घराच्या मागं जाळतात. तो वास लय दिवस राह्यते." अन् हरभरा पुढं केला.

३ जानेवारी
बुलडाणा. ॲडमिट. नाकाला नळी. नाशिकहून रेखा निघाली, आमची एकुलती एक. सु. डोळ्यानं विचारते, खाणाखुणा करते. पपईला पाणी घातलं का, हे विचारत होती. मला कळायला वेळ लागला.

९ जानेवारी
सकाळी सहा वाजून दहा मिनिटं. मी अन् रेखा दोघं होतो.

१३ जानेवारी
लिहायला बसतो. होत नाही.

२१ जानेवारी
तेरवी झाली.
पत्रावळींचं गजाननला आठ दिवस आधी सांगितलं होतं. सारी धावपळ त्यानंच केली, मंडप, आचारी, सगळं. मला खुर्चीवरून उठू दिलं नाही. भावासारखा भाऊ. पण पंगत बसली अन् पाहतो तर पांढरी ताटं, पांढरे ग्लास.
विचारलं. तो म्हणाला, पळसाच्या शोधल्या, इतक्या भेटल्या नाहीत. स्टीलची ताटं घासायले बाया कुठून आणू? आजच्या दिवस राहू दे दादा.
राहू दिलं. लोक बसले होते. वाढणं सुरू झालं होतं. मी तोंड उघडायला पाहिजे होतं. हात जोडून पंगतीतून फिरलो, सावकाश जेवा म्हणत.

२२ जानेवारी
सकाळी घरामागं ढीग पेटला. गजाननच काठीनं हलवत होता. काळे तुकडे उडून पपईवर बसले.
मी गेलो. काय काय बोललो, सगळं लिहीत नाही. एवढं बोललो की तिले तुमच्या धुरानं मारलं.
तो थांबला. म्हणाला, "आमच्या? अन् तू एकतीस वर्षं कायनं न्हात होता?"
रेखानं मला हाताला धरून आत आणलं. खरं तेच बोलला तो. म्हणून तर सहन होत नाही.

२६ जानेवारी
रेखा नाशिकला गेली. चला म्हणत होती. नाही म्हटलं. दोन्ही घरांत बोलणं बंद. वंदना रेखाच्या हाती डबा पाठवत होती, आता तोही नाही.

१२ फेब्रुवारी
सु. नं कापून ठेवलेल्या सात पिशव्या निघाल्या, न शिवलेल्या. दोन शिवल्या. माझा टाका वाकडा येतो. दुकानदाराला दिल्या. तिच्या किती परत आल्या विचारलं. एक. त्यानं खिळ्याला टांगून ठेवली आहे, देत नाही कोणाला. म्हणाला, काकूच्या हातची आहे, राहू द्या.
म्हटलं, दे बाबा. वापरायलाच शिवली तिनं.

२४ फेब्रुवारी
ऊन वाढलं. ड्रममधलं पाणी आज कडक तापलं होतं, अगदी माझ्या आवडीचं. अंगावर घेववलं नाही. निवू दिलं.

८ मार्च
दुपारी भिंतीपलीकडून हाक आली, "भाऊजी." मला आधी कळलंच नाही कोण. भासऱ्याशी, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावाशी, समोरासमोर बोलायची आमच्यात रीत नाही. वंदना लग्न होऊन आली तेव्हापासून काही निरोप असला तर सु. मार्फतच. आज डोक्यावर पदर घेऊन भिंतीशी उभी होती.
विचारलं, काय झालं? गजानन बरा आहे ना?
हाव म्हणाली. मग म्हणाली, "बाईले आधी कसं कसं झालं होतं?"
बाई म्हणजे सु., तिची मोठी जाऊ. मी सांगायला लागलो. पहिलं पहिलं फक्त सकाळी खोकला, झाडताना. मग पाण्याचा गुंड उचलला की दम. मग उताणं झोपवत नव्हतं. सांगता सांगता पाहिलं, ती प्रत्येक गोष्टीवर मान हलवत होती.
"तुले कधीपासून?"
"दिवाळीपासून."
"गजाननले सांगितलं?"
तिनं नाही म्हटलं. "तुमच्या दोघायचं असं झालं. आता सांगितलं तं त्याइले वाटन, मी तुमची बाजू घेऊन राह्यली."
कुठल्या डॉक्टरकडं जायचं ते सांगितलं. एकटी कशी जाऊ म्हणाली.

९ मार्च
पहाटे जाग आली ती धुराच्या वासानं. वंदना चूल पेटवून बसली होती, गजाननच्या पाण्यासाठी. खोकत होती. इतके दिवस भिंतीआडून फक्त धूर पाहिला मी, तो कोणाच्या तोंडावर जातो ते पाहिलं नाही.
आठच्या गाडीनं मेहकर, तिथून बुलडाणा. तिला न्यायचं तर आधी गजाननशी बोलावं लागेल. दीड महिन्यात त्याच्याशी एक शब्द बोललो नाही मी. तो दार लावून घेईल, किंवा पुन्हा तेच विचारेल. विचारलं तर हो म्हणायचं. माझंच पाणी तापत होतं म्हणायचं.
सात वाजले. शर्ट बदलला आहे. त्याच्या आंगणात बादली वाजली, म्हणजे उठला.
पहिला शब्द काय बोलावा, ते ठरत नाही.