विहिरीच्या काठावर उभी माय

माय, आज आमच्या चर्चमध्ये दुःखी मातेचा दिवस होता. छातीत सात तलवारी रुतलेली मरियेची मूर्ती फुलांनी सजवली होती आणि फादर सांगत होते, खरी श्रद्धा बघायची तर या आईकडे बघा. बाया डोळे पुसत होत्या. मला मात्र तू दिसत होतीस, मूर्तीच्या शेजारी, चिखलानं भरलेला पदर हातात धरून. तू आता घरातही अशीच दिसतेस, दिवसाढवळ्या, आणि काही बोलत नाहीस. म्हणून मीच लिहायला बसले.

बहात्तरच्या दुष्काळानंतरचा उन्हाळा. वाटूरच्या अलीकडचं आपलं गाव, मालकाची आटलेली विहीर, आणि गाळ काढायला उतरलेला माझा दादा. सकाळीच कड ढासळली. तू चूल तशीच टाकून धावलीस, मी तुझ्या मागे. माणसं माती उपसत राहिली, ऊन डोक्यावरून कललं, बाया तुला म्हणत होत्या, "बस गं, सावलीत बस." तू बसली नाहीस. दादाला वर काढलं तेव्हा कुठं तू खाली टेकलीस, त्याचं डोकं मांडीवर घेतलंस आणि पदराचं टोक ओलं करून त्याच्या कानातली, नाकातली माती काढत राहिलीस. रडली नाहीस. तान्ह्या लेकराला अंघोळ घातल्यावर पुसावं, तसं पुसत होतीस.

पुढच्या गुड फ्रायडेला जालन्याहून आलेल्या फादरांनी प्रवचनात तेच सांगितलं. क्रूसाखाली मरिया कोसळली नाही, उभी राहिली, आणि आपल्या गावातही अशीच एक माता आहे. सगळ्यांनी वळून तुझ्याकडे बघितलं. तू मान खाली घातलीस. मला तेव्हा फार अभिमान वाटला होता. प्रार्थना संपल्यावर तू दारात फादरांना गाठलंस. "फादर, मला तिच्या बराबर बसवू नका. तिचं पोरगं तिसऱ्या दिवशी उठलं. माझं न्हाई उठलं."

फादर तरुण होते. ते हळूच म्हणाले, "पण तुम्ही विश्वासानं उभ्या राहिलात ना?"

"विश्वासानं न्हाई. खाली बसले असते तर विहिरीतलं दिसलं नसतं, म्हणून उभी व्हते."

आपल्या वस्तीत बोलणं सुरू झालं, हिचा विश्वास उडाला. आणि तू तर दर शनिवारी गावच्या चर्चमध्ये जाऊन मरियेच्या मूर्तीपुढं भिंतीला टेकून बसायचीस. माळ नाही, प्रार्थना नाही. मी एकदा विचारलं, "मंग जातीस कशाला?" तू म्हणालीस, "उठल्यावर बी तिचं पोरगं तिच्या घरी राह्यला आलं न्हाई, सरगात गेलं. घर तिचं बी रिकामंच. आम्ही दोघी बसतो."

संध्याकाळी मला तुझी भीती वाटायची, माय. भाकरी थापता थापता तुझा हात थांबायचा, तू दाराकडं बघून म्हणायचीस, "आला वाटतं," आणि आणखी एक भाकरी तव्यावर टाकायचीस. दारात कुणी नसायचं. मी तिकडं पाठ करून जेवायची. ती भाकरी पण खरीच असायची, पापुद्रा फुगलेली, गरम.

मग मालकाची लेक बाळंतपणाला माहेरी आली आणि त्यातच गेली. आपल्या वस्तीतलं कुणी तिकडं फिरकलं नाही. सगळ्यांच्या मनात एकच होतं, दादाच्या वेळी त्यांच्या घरातलं कोण आलं होतं? तू हातातलं खुरपं ठेवलंस आणि निघालीस. मीही आले. मालकाच्या ओसरीवर आपण कधी चढलो नव्हतो, पायरीशीच उभं राहायचो. त्या दिवशी तू सरळ वर गेलीस, कुणाला विचारलं नाहीस. मालकीणबाई खांबाला टेकून बसल्या होत्या. तुला बघून त्या दचकल्या, अंग चोरून म्हणाल्या, "सराप द्याया आलीस का?"

"न्हाई बाई. बसाया आले."

तू त्यांच्याजवळ टेकलीस, आणि त्या एकदम तुझ्या मांडीवर कोसळल्या. जिच्या घरी आपल्या ओंजळीत वरून पाणी ओतायचे, ती बाई. तू तिच्या केसांतून हात फिरवत राहिलीस, दिवे लागेपर्यंत. घरी येताना मी विचारलं, "तुला राग न्हाई आला?" तू म्हणालीस, "आल्ता. लई आल्ता. ओसरीपस्तोर संगंच व्हता. मंग तिचं तोंड बघितलं."

मला वाटलं होतं, आता तरी ती जादा भाकरी थांबेल. तू असेपर्यंत ती थांबली नाही. आज फादर मूर्तीकडं बोट दाखवत होते तेव्हा उठून हे सगळं सांगावंसं वाटलं, पण सांगितलं असतं तर त्यांनी तुला पुन्हा तिथंच, फुलांत बसवलं असतं. म्हणून गप्प बसले.

हे कुठं पाठवायचं नाहीच. फक्त एक तुझ्यापाशी कबूल करते. तुझे शब्द मी इथं लिहिले ते बरोबर आहेत, त्यातला एकही मी विसरले नाही. पण तुझा आवाज कसा होता, ते मला आता आठवत नाही, माय.