पेटीवरची रजई

४ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

फोनवर तुझं एक वाक्य आणि दोन विमानं ऐकू येतात, म्हणून पत्र. परवा तुझ्या गच्चीवर मी बसवून गेलो ती पेटी पंधरा दिवस विमानांचा आवाज मोजणार. सरासरी ठरलेल्या रेषेच्या वर गेली, तर सरकार तुमच्या अख्ख्या गल्लीला जाड दुहेरी काचांच्या खिडक्या फुकट बसवून देणार. मग कानाला यंत्र लावलेली तुझी सहा पोरं पुढच्या खोलीत निवांत बोलायला शिकतील आणि वर्ग बंद करायची भाषा तू सोडशील. आठव्या दिवशी तपासायला येतोच. तोवर आईला सांग, पेटी जिवापाड जप. फुटली तर माझी नोकरी गेलीच समज. एका जागी तीन महिने टिकलोय, विक्रमच की! हो, धावपट्टीच्या कुंपणापाशी एक ससाणेवाला भेटलाय, पाखरं हाकलायला खराखुरा ससाणा उडवतो. पण ते पुढच्या वेळी.

लोभ आहेच, थोडा वाढव.
तुझा भिंगरी

१८ मार्च

चि. भिंगरीस अ. आ.

काल तुमची माणसं पेटी घेऊन गेली. नंतर बघते तर आई तुझी जुनी रजई झटकतेय. धूळ लागू नये म्हणून म्हणे तुझं पत्र आल्याच्या दुसऱ्या दिवसापासून पेटीवर सुतळीने घट्ट बांधली होती, आणि माणसं यायच्या आधी सोडून पेटी लख्ख पुसूनही दिली. चेहऱ्यावर नुसता आनंद. माझा पाय मुरगळलेला, मी गच्चीवर गेलेच नव्हते.

पण तू आठव्या दिवशी येणार होतास ना? मी भाजी दोनदा गरम केली. शिंप्याच्या बायकोने निक्षून सांगितलंय, महिनाअखेर खिडक्यांचं ठरलं नाही तर मुलीला वर्गातून काढणार. पाच महिन्यांनी पोर पाणी म्हणायला लागलीये. विमान आलं की यंत्र काढून मुठीत धरते, शब्द अर्धाच राहतो. लगेच कळव.

काळजीत असलेली,
ताई

२२ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

यादी लागली. तुमची गल्ली रेषेच्या खाली, फक्त दोन आकड्यांनी. पलीकडची गल्ली वर. विमान काय त्यांच्यापुरतंच ओरडतं?

आठव्या दिवशी मी निघालो होतो, शपथ. बसमधून ससाणेवाला दिसला आणि उतरलो. ससाणा मनगटावर बसला की हातमोज्यातूनसुद्धा नखं जाणवतात, आणि मान अशी वळवतो... जाऊ दे. दिवस गेला. कागदावर मी सही ठोकली, पेटी तपासली, उघडी व ठीक. हरकत घ्यायची मुदत तीस तारखेपर्यंत आहे. पण हरकत घ्यायची तर रजई सांगावी लागेल, आणि रजई सांगितली की माझी सही खोटी ठरते. तू म्हणशील तसं करतो.

रागावलीस तरी लोभ असू दे.
भिंगरी

२५ मार्च

चि. भिंगरीस अ. आ.

मी काहीही म्हणणार नाही. स्वतःची नोकरी घालव असं तुला सांगायला माझी जीभ रेटत नाही. गप्प बस असंही सांगवत नाही. आई शेजारणींना सांगत सुटलीये, लेकाची नोकरी तिने वाचवली. शिंप्याची मुलगी कालपासून आलेली नाही.

ताई

२९ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

आज साहेबांपुढे उभा राहिलो. सुरुवात ससाण्यापासून केली, त्यांनी टेबलावर पेन आपटलं, मग मुद्द्यावर आलो. सगळं सांगितलं. त्यांनी मला तिथल्या तिथे काढलं, आणि तुमच्या गल्लीचा आकडाही खोडला. सोमवारी पेटी पुन्हा बसेल. दुसरा माणूस येईल आणि रोज वर चढून बघेल. शिंप्याकडे आजच जा, मुलीला पाठव म्हणावं.

आईला तू काही सांगू नकोस. मीच सांगेन, समोर बसून. तोवर एवढंच बजाव, या वेळी पेटी जपायची नाही. धूळ बसू दे, ऊन लागू दे. रजई मात्र काढून ठेव. शनिवारी मी सामान घेऊन येतोय, मलाच लागेल.

लोभ ठेवशील, माहितीये.
तुझा भिंगरी