पट्टीतला वाटाणा

१९ नोव्हेंबर
माझ्या गव्हात वाटाणा उगवलाय! सगळ्या शेतात नाही — फक्त विहिरीकडच्या त्या पट्टीत. मी वाटाणा पेरलेला नाही. म्हणजे धाकटीचंच काम. वडिलांनी आम्हा दोघी बहिणींना शेत अर्धं अर्धं दिलं, पण मधली ही पट्टी कोणाची ते सांगायचं राहून गेलं. तीन वर्षं मी ती पेरतेय, आणि तीन वर्षं आमचं बोलणं बंद आहे. ह्यांना म्हटलं, आज पट्टीत शिरली, उद्या घरात शिरेल. हे म्हणाले, "उगवलंय तर उगवू दे." ह्यांचं काय जातंय!

२१ नोव्हेंबर
जवळ जाऊन पाहिलं. गव्हाच्या दोन ओळींच्या मधोमध वाटाण्याची एक ओळ. हाताने, वाकून, एकेक दाणा लावलाय. गव्हाचं एक रोप मोडलेलं नाही. आगाऊपणा करायचा तोही टापटिपीने! लहानपणी माझ्या कपाटात स्वतःचे कपडे घुसवायची, तेसुद्धा घडी घालून.

२२ नोव्हेंबर
उपटायला गेले. वाटाण्याबरोबर गव्हाची मुळंही येतात. सोडून दिलं.

३० नोव्हेंबर
पट्टी मोजून घ्यायची ठरवली. ह्यांना मोजणीवाल्याकडे पाठवलं. पीक निघाल्यावर येतो म्हणाला. हे चपला काढता काढता पुन्हा विचारतात, "खरंच मोजायचीये का?" म्हटलं, हो! माझी निघाली की तिथे कुंपण घालणार. तारेचं भेंडोळं व्हरांड्यात आणून ठेवलंय.

हे आणि ह्यांचे साडू मात्र रोज संध्याकाळी पंपाच्या खोलीत चहा पितात. म्हणे, "भांडण तुम्हा बहिणींचं. आम्ही साडूंनी काय घोडं मारलंय?"

२६ डिसेंबर
मागच्या हिवाळ्यात लेकीकडून परत आले तेव्हा पट्टीतला गहू पिवळा पडला होता. पुढे गुडघ्याच्या वर काही गेला नाही. यंदा हिरवागार. शेजारच्या माझ्या नुसत्या गव्हापेक्षा उंच. वाटाणा त्याला धरून वर चढलाय. तिकडे धाकटीच्या शेतातला नुसता वाटाणा जमिनीवर लोळतोय, आणि काठ्या लावायची तिची कोण धावपळ! मी फक्त पाहिलं. बाकी काही नाही.

११ जानेवारी
शेतकी खात्यातला माणूस रस्त्याने चालला होता. पट्टी पाहून मोटरसायकल थांबवली. वाटाण्याचं एक रोप उपटून मुळावरच्या गाठी दाखवल्या — यांच्यामुळे जमिनीचा कस टिकतो, वाटाणा गव्हाच्या तोंडचा घास काढत नाही, तणाला जागा उरत नाही, आणि वाटाण्याला आयता आधार. "एवढ्या जागेत नुसता गहू किंवा नुसता वाटाणा इतकं देणार नाही. ही कल्पना कोणाची?"

बांधापलीकडे धाकटी काठ्या रोवत होती. ऐकू जाईल इतक्या अंतरावर. मी म्हटलं, "माझी!"

ती वाकलेलीच राहिली. पाठ हलत होती. हसत होती बहुतेक. मेली!

२ फेब्रुवारी
धाकटी तोडणीला आली. न विचारता. गहू कोपराने बाजूला सारून, ओंब्यांना धक्का न लावता शेंगा तोडत होती. मी बांधावर उभी. बोलावंसं वाटत होतं. तोंडातून निघालं ते एवढंच — "गहू मोडू नकोस."

"नाही मोडत, ताई."

तीन वर्षांनी 'ताई' ऐकलं. घरी आले आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासत बसले.

१७ फेब्रुवारी
हे पंपाच्या खोलीतून पिशवी घेऊन आले. धाकटीने शेवटच्या तोडणीच्या शेंगा दिल्यात. सगळ्या जून! भाजी करायची की गोट्या खेळायच्या? पिशवी तशीच खुंटीला टांगली.

२८ मार्च
पट्टीतला गहू मुद्दाम वेगळा मळला. मागच्या वर्षीच्या दुप्पट तरी भरला. शिवाय वाटाणा निघाला तो वेगळाच — तो तिचा. हे म्हणाले, "आता तरी मोजणी राहू दे." मलाही ती तार दिसली की हल्ली बरं वाटत नाही. पण माणसाला बोलावलंय. आता नको म्हटलं तर हसं होईल माझं.

३ एप्रिल
मोजणीवाला आला. फीतसुद्धा उलगडली नाही.

"अहो, ही पट्टी होय? ही तर मोजून झालीये की! मागच्या हिवाळ्यात, तुम्ही लेकीकडे होतात तेव्हा. धाकट्या बाईंनी बोलावलं होतं. पट्टी सगळी त्यांची आहे."

हे चहाच्या कपात बघत राहिले. म्हणजे ह्यांनाही माहीत!

"मग खुणेचे दगड का नाही पुरलेत?"

"पुरतच होतो. त्या म्हणाल्या, नको, ताईचा गहू उभा आहे. आधीच पिवळा पडलाय बिचारा."

खुंटीवरची पिशवी काढली. शेंगा वाळून खडखडतायत. पेरायला चालतील.