दुसऱ्या वर्षाचं तेवढं कळव

ती. ताईस,

म्हणजे शेवटी बाबांचंच खरं? ते दुसऱ्या वर्षाची फी देत नाहीत म्हणून तू समाजकल्याणाचं शिक्षण अर्ध्यावर सोडायचं आणि गपगुमान कुठंतरी कारकून व्हायचं? (रागाच्या भरात नमस्कार राहिला, तो आधी घे. आईचे गुडघे कसे आहेत? मी ठणठणीत.) "लोकांची धुणी धुवायला कॉलेज कशाला?" म्हणाले म्हणे. त्यांना सांग, मी इथं लाँड्रीत कॉलेजशिवायच धुतोय, आणि त्यानं काय होतं ते पुढं वाच.

तू फोनवर सांगितलं होतंस ना, दुःखी माणसाला सल्ला द्यायचा नाही, नुसतं ऐकायचं आणि विचारायचं, "तुला काय वाटतं?" मला ते इतकं पटलं की लगेच आमच्या खोलीतल्या आचाऱ्यावर करून पाहिलं. (हॉटेलातलं उरलेलं आम्हांला आणून घालायचा, देवमाणूस.) बायकोशी भांडून उदास बसला होता. मी ऐकलं, विचारलं. म्हणाला, "वाटतं, घरी जावं." आणि गेला की! सकाळी बोचकं उचलून! तेव्हापासून भात मी करपवतो आणि खोलीतले बाकीचे मला 'समाजसेवक' म्हणतात, शिवी दिल्यासारखं.

ही कीर्ती लाँड्रीतल्या मुकादमांच्या कानावर गेली. बोलावणं आलं तेव्हा वाटलं, भरला आपला घडा. तर त्यांनी दार लावलं आणि मुलगी आपल्याशी बोलत नाही म्हणून रडायलाच लागले. हत्तीएवढा माणूस, ताई! ते बोलत राहिले, मी मान हलवत राहिलो, आणि तिकडं माझ्या मशीनमध्ये लाल पडद्याबरोबर पडलेल्या पांढऱ्या चादरी गुलाबी होत राहिल्या.

पण खरी गंमत पुढंच आहे. डोळे पुसून त्यांनी मला एक बंद खोली दाखवली. दारावर पाटी, 'कामगार कल्याण अधिकारी'. आत झाडू आणि बादल्या! म्हणाले, "जागा कधीची रिकामी आहे रे, शिकलेलं माणूसच मिळत नाही." मी उभ्या उभ्या तुझी खुर्ची कुठं ठेवायची ते ठरवून टाकलं. खिडकीपाशी. बादल्या हलवायचं माझ्याकडं लागलं.

तुझाच,
भोवरा

ता. क. मुकादम रोज विचारतात, "ऐकून झालं, आता पुढं काय करायचं?" हे पुढचं दुसऱ्या वर्षाला शिकवतात, असं तूच म्हणाली होतीस. तेव्हा आता तुझी सुटका नाही. निम्म्या विद्येवर मी इथं अख्खी लाँड्री रडवून ठेवलीय.

आणखी एक. फीसाठी अठरा हजार बाजूला ठेवले होते. बाबांना बोलू नकोस. गुलाबी चादरींचे कापून गेले ते जाता, पाठवतोय सतरा हजार दोनशे.