फेकिम म्हणजे पाहते

आई,

तू शाळेत संस्कृत शिकवायचीस आणि घरी पोळ्या करतानाही माझ्याकडून धातुरूपं म्हणवून घ्यायचीस. मी चुकले की तुझं लाटणं थांबायचं. रागवायची नाहीस, नुसती वाट बघायचीस. तुला जाऊन कितीतरी वर्षं झाली, आणि पन्नाशी ओलांडल्यावर मी पुन्हा क्रियापदं चालवायला बसले. तीही आयरिश भाषेतली, इकडे परदेशात, ग्लेन वेव्हर्लीच्या माझ्या किचनमध्ये.

शेजारी एक आयरिश बाई राहायच्या, ऐंशीच्या पुढच्या, एकट्या. कोविडमध्ये त्यांचा मुलगा देशाच्या दुसऱ्या टोकाला, पर्थला अडकला, राज्यांच्या बॉर्डर बंद. मी कुंपणावरून त्यांना वरणभाताचा डबा द्यायचे. हळूहळू त्यांचं इंग्लिश निसटायला लागलं. वाक्य इंग्लिशमध्ये सुरू व्हायचं आणि लहानपणच्या भाषेत संपायचं. मुलाला फोन केला, तर तो म्हणाला की ती भाषा त्याला कधी कोणी शिकवलीच नाही. म्हणून मी ऑनलाइन क्लास लावला. लेक म्हणाली, "मम, सिरियसली?" पण मला गोडी लागली. तिथे क्रियापद वाक्यात सगळ्यात आधी येतं, आपल्या अगदी उलट. 'तू'ला मात्र तूच म्हणतात. 'हो'ला वेगळा शब्द नाही, विचारलेलं क्रियापदच रूप बदलून परत द्यायचं, आपण "जेवलीस?" "जेवले" म्हणतो तसं. मी कुंपणाशी उभी राहून रूपं म्हणायचे आणि त्या बोट वर करून चुका सुधारायच्या. तेवढा वेळ त्यांना सगळं आठवत असायचं.

मग त्यांना केअर होममध्ये हलवलं. आत कोणालाच सोडत नाहीत. मी बाहेर गवतावर, त्या काचेमागे, दोघींच्या कानाला फोन. नर्स सांगते की या सकाळपासून एकच काहीतरी विचारतायत, आम्हाला कळत नाही. त्या काचेवर हात ठेवून मला विचारतात, "अन् वेकन तू मे?" तू मला पाहतेस का? हे अनियमित क्रियापद, माझं नेहमी चुकणारं.

"फेकिम," मी म्हणते. पाहते.

त्या मान डोलावतात, खुर्चीत मागे टेकतात आणि डोळे मिटतात. थोड्याच दिवसांत त्या गेल्या. मुलाला येता आलं नाही. त्यांनी काय विचारलं आणि मी काय उत्तर दिलं, ते मी त्याला फोनवर सांगितलं. त्याने तो शब्द माझ्याकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेतला.

हे तुला सांगावंसं वाटलं. पाठवणार कुठे, ड्रॉवरमध्येच राहील. आणि एक सांगते. हल्ली तुझा आवाज आठवायला जाते, तर मध्येच त्यांचा येतो, आणि कोण बोलतंय ते मला नेहमीच ओळखता येत नाही.