दहावा कोण, हे ठरवण्याचा अधिकार

मी हनोख एलिझर वाक्रुळकर, वय एक्क्याऐंशी, निवृत्त टूलरूम फिटर, राहणार आकुर्डी, बेने इस्राएल ज्यू समाजाच्या निगडी येथील प्रार्थनागृहाचा मुकादम, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. चुलतभाऊ शिमशोनने तो दोनदा वाचावा.

१. राहता फ्लॅट मुलगी मिल्का हिला. व्हर्नियर आणि मायक्रोमीटर शेजारचे मीरासाहेब गॅरेजवाले यांना हयातीतच देऊन टाकले आहेत. माझ्या हत्यारांना हात लावायची अक्कल दुसऱ्या कोणाला नाही.

२. शिमशोनला काही नाही. "बाईमाणसाने हिब्रू वाचून काय दिवे लावायचे?" असं त्याने मिल्काला भर सभेत विचारलं होतं. मी विसरलेलो नाही.

३. प्रार्थनागृहाची किल्ली आणि मुकादमकी मिल्काला. का, ते सांगतो.

दहा पुरुष जमल्याशिवाय आमच्यात कद्दिश, म्हणजे मेलेल्यांसाठीची प्रार्थना, म्हणता येत नाही. आणि माणसं आकड्यांनी मोजायची नाहीत. मुकादम दहा शब्दांचं वचन म्हणतो, एकेका माणसाकडे बघून एकेक शब्द. सहा वर्षांपूर्वी एका शनिवारी आमच्यातल्या मनश्शेच्या वडिलांची पहिली पुण्यतिथी होती. जमलो नऊच. मनश्शे रडकुंडीला आला होता. मी दहावा शब्द दाराजवळच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हटला. मुकादमच बोलला म्हटल्यावर कोण तोंड उघडणार? प्रार्थना झाली, आणि त्या खुर्चीतून "आमेन" आलं.

पुढे मनश्शे इस्राएलला गेला, काही वारले. आज दाराबाहेर पुरुषांच्या चपलांचे पाचच जोड असतात. तरी वचन दर शनिवारी पुरं होतं, आणि आमेन दहा जणांचं येतं. ते आवाज मी ओळखतो. त्यांतल्या काहींना मी या हातांनी माती दिली आहे. शिमशोन म्हणतो, "अरे हनोख, दहा भरतायत ना? मग कशाला उकरून काढतोस?"

गेल्या शनिवारी मी तापाने अंथरुणात होतो. मोजणी शिमशोनने केली. मिल्का घरी आली ती दारातच थबकली. "बाबा, तुम्ही माझ्याआधी कसे पोचलात? आत्ता तर दाराजवळ बसून आमेन म्हणत होतात!"

मी घर सोडलंच नव्हतं.

४. मिल्काला दहांत धरत नाहीत, म्हणून दहा भरवायची हावही तिला नाही. मिल्का, मला पुरल्यानंतरच्या शनिवारी आधी चपला बघ. मुकादमाने मोजणीत धरलेल्याला मुकादमानेच सोडावं लागतं. माझी कद्दिश राहिली तरी चालेल. "दहा भरले नाहीत, सगळ्यांनी घरी जा," असं त्या खुर्चीकडे बघून मोठ्याने सांग आणि कुलूप लाव. आतून मी हाक मारली तरी उघडू नकोस. बाळा, मला त्या खुर्चीची फार भीती वाटते गं.

लिहून ठेवणार : हनोख एलिझर वाक्रुळकर (सही)
साक्षीदार : मीरासाहेब गॅरेजवाले (सही), विजयश्री, तळमजला (सही)
आकुर्डी, १२ मार्च २०२५

सह्यांच्या वेळी खोलीत आम्ही तिघंच होतो. मीरासाहेबांकडून मोजून घेतलं आहे.